दरखास्त हलेना म्हणून हायकोर्टात: जुन्या नाशकातल्या एका गाळ्याचं प्रकरण

पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून नावं, प्रकरणाची वर्षं आणि जागेचे काही तपशील गाळले आहेत. या प्रकरणात मी वकील नव्हतो. गाळ्याच्या मालकीण असलेल्या काकूंनी आणि त्यांच्या वकिलांनी परवानगी दिली म्हणून रोजनामा (कोर्टातल्या प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद), याचिका आणि आदेश वाचायला मिळाले. मतं माझी आहेत.

पार्श्वभूमी

रविवार कारंज्यापासून चालत पाच मिनिटांवरच्या एका वाड्याला दर्शनी बाजूने तीन गाळे आहेत. मधला गाळा काकूंच्या सासऱ्यांनी फार पूर्वी भाड्याने दिला होता. भाडं इतकं कमी की ते मागायला जाणं हाच खर्च. पती वारल्यावर काकूंनी मुलाच्या मसाल्याच्या दुकानासाठी गाळा परत मागितला. भाडेकरू ऐकेना, तेव्हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ खाली, स्वतःच्या वास्तविक गरजेच्या कारणावरून दावा लावला.

दावा त्या जिंकल्या. भाडेकरूचं अपील जिल्हा न्यायालयाने फेटाळलं, आणि पुढे तो हायकोर्टात गेला नाही. हुकूमनामा, म्हणजे ताबा देण्याचा निकाल, अंतिम झाला.

यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ काहीच घडलं नाही. भाडेकरू दर वेळी ‘दिवाळी होऊ द्या’ म्हणायचा, आणि शेजारधर्म म्हणून काकू होऊ द्यायच्या. अखेर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज, दाखल झाली. पण हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटली की अंमलबजावणीआधी समोरच्याला नोटीस काढावी लागते, हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मधल्या नियम २२ चा दंडक. नोटीस बजावण्यातच एक पावसाळा गेला. मध्येच भाडेकरू वारला, त्याचे वारस रेकॉर्डवर आणावे लागले. मग पझेशन वॉरंट (ताबा घेण्याचा हुकूम) निघालं. बेलिफ (वॉरंट बजावणारा कोर्टाचा कर्मचारी) गाळ्यावर गेला, तर शटरसमोर भाडेकरूचा पुतण्या उभा. हातात शॉप अॅक्टचं लायसन्स आणि लाइट बिल. म्हणाला, काकांबरोबर भागीदारीत धंदा माझाही होता, दाव्यात मला पक्षकार केलं नव्हतं, हा निकाल मला लागू नाही. बेलिफने अडथळ्याचा अहवाल लिहिला आणि वॉरंट परत केलं.

अशा वेळी अडथळा दूर करून ताबा मिळावा म्हणून त्याच आदेश २१ च्या नियम ९७ खाली अर्ज करायचा असतो, आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२९ प्रमाणे त्याला अडथळ्याच्या दिवसापासून तीसच दिवस मिळतात. वकिलांनी पंधरवड्याच्या आत अर्ज दिला. त्याला आपण निशाणी २७ (कोर्टाच्या फाइलमधला क्रमांक) म्हणू. पुढची सगळी गोष्ट या एका अर्जाची आहे.

अडचण कुठे होती

निशाणी २७ दोन वर्षांच्या वर पडून राहिला. पुतण्याने ‘से’ (लेखी म्हणणं) द्यायला बऱ्याच तारखा घेतल्या. से आला, तर त्याबरोबर पुरावा नोंदवण्याचा वेगळा अर्ज आला. त्यावर युक्तिवाद झाले, प्रकरण आदेशासाठी ठेवलं गेलं, आणि आदेश यायच्या आत उन्हाळी सुट्टीनंतर न्यायाधीशांची बदली झाली. नव्या न्यायाधीशांनी युक्तिवाद पुन्हा ऐकायचे ठरवले. त्यात गैर काही नाही, ज्याने ऐकलं नाही त्याने निकाल कसा द्यायचा? पण काकूंच्या दृष्टीने घड्याळ पुन्हा शून्यावर आलं.

त्या एकदा वकिलांना म्हणाल्या, “साहेब, निकाल माझ्या बाजूने लागला, म्हणजे नक्की काय झालं तेवढं एकदा समजावून सांगा.” भारतात पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच म्हणून ठेवलंय. आकडे आजही तेच सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये देशभरच्या प्रलंबित दरखास्तींची माहिती मागवली, तेव्हा आकडा ८ लाख ८२ हजारांच्या पुढे निघाला.

वकिलांच्या हाताखाली एक ज्युनिअर होती. तिने या टप्प्यावर एक काम केलं, ज्याला मी या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम मानतो. संपूर्ण रोजनाम्याची नक्कल काढून तिने तक्ता बनवला. तारीख, त्या दिवशी काय झालं, पुढची तारीख कोणामुळे पडली. चाळीसच्या आसपास नोंदी झाल्या. वकिलांचा समज होता की बहुतेक तारखा पुतण्याने खाल्ल्या. तक्त्यात दिसलं ते वेगळं. साधारण निम्म्या तारखा त्याच्या तहकुबी अर्जांच्या होत्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच न्यायाधीश रजेवर, प्रशिक्षणाला, किंवा बोर्डावर कामं जास्त म्हणून गेल्या होत्या. आणि काही थेट काकूंच्या बाजूच्या होत्या: बेलिफ भत्ता भरला नाही, वारसांचा पत्ता चुकला, वकील दुसऱ्या कोर्टात होते. सर्वांत अडचणीची गोष्ट म्हणजे पुतण्याच्या बहुतेक तहकुबी अर्जांवर काकूंच्या बाजूने ‘हरकत नाही’ असा शेरा होता.

असा शेरा मारणं हा आपल्याकडचा रिवाज आहे. आज तुम्हाला, उद्या मला. बार रूममध्ये रोज भेटणाऱ्या माणसांना तो तोडवत नाही, हे मी समजू शकतो. पण हायकोर्टात रोजनामा वाचला जातो, आणि तिथे हा शेरा दिरंगाईला दिलेल्या संमतीसारखा दिसतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तडजोडीचा. पुतण्याने निरोप पाठवला होता की ‘काहीतरी द्या, सोडतो’. जुन्या नाशकात गाळा सोडायचे पैसे मागणं हे नवीन नाही. काकूंनी नकार दिला. जिंकलेल्याने हरलेल्याला पैसे का द्यावेत, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यावर वकिलांकडे उत्तर नव्हतं.

दुसरा, प्रकरण दुसऱ्या न्यायालयात वर्ग करून घेण्याचा. संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांना तसा अधिकार आहे. पण त्या अर्जालाच नोटीस, से, युक्तिवाद लागतात, आणि नवं न्यायालय पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसतं. शिवाय इथे न्यायाधीशांबद्दल तक्रार काहीच नव्हती, तक्रार वेळेची होती. हा पर्याय लगेच बाजूला पडला. प्रशासकीय बाजूने तक्रार करण्याची सूचना मुलाने केली होती, तीही याच कारणाने.

तिसरा, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका. खालच्या न्यायालयांवर देखरेख ठेवण्याचा हायकोर्टाचा हा अधिकार. अनेक पक्षकार ‘रिट’ म्हटलं की अनुच्छेद २२६ आणि परमादेश (अमुक काम करा असा हायकोर्टाचा हुकूम) गृहीत धरतात. पण दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक कामकाजावर २२६ खाली रिट चालत नाही, वाट २२७ चीच, हे राधेश्याम विरुद्ध छबिनाथ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं. आणि २२७ चा अधिकार जपून वापरायचा असतो. ते अपील नव्हे. निकाल काय द्यावा हे हायकोर्ट तिथे सांगत नाही, फार तर ‘निकाल द्या’ एवढं सांगतं.

चौथा पर्याय सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत कंटाळवाणा: त्याच न्यायालयात, त्याच न्यायाधीशांपुढे, लवकर सुनावणीचा लेखी अर्ज. मुलाचं म्हणणं होतं की यात आणखी दोन महिने जातील, थेट मुंबई गाठू. वकिलांनी ते मानलं नाही. त्यांचा मुद्दा असा की हायकोर्टातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही खाली मागितलं होतं का? मागितलंच नसेल, तर खालच्या न्यायालयाने नाकारलं काय?

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय हाच होता. वैतागलेल्या पक्षकाराला आणखी थांबायला सांगणं सोपं नसतं, आणि मुलाने वकील बदलायची भाषाही केली होती. तरी लवकर सुनावणीचा अर्ज गेला. त्यात काकूंचं वय, हुकूमनाम्याची तारीख आणि राहुल शाह विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या २०२१ च्या निकालाचा आधार होता. त्या निकालाने दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं आहे, उशीर झाला तर कारणं लेखी नोंदवायची. अर्ज ‘नियत तारखेस ठेवावा’ एवढ्या शेऱ्यासह फाइलला लागला. काही आठवड्यांनी दुसरा अर्ज दिला. त्याचंही तेच. आता रेकॉर्ड तयार झालं होतं.

याच काळात वकिलांनी आणखी एक बदल केला. पुतण्याच्या तहकुबी अर्जांवर ‘हरकत नाही’ऐवजी ‘सक्त हरकत, खर्च बसवावा’ असं लिहायला सुरुवात केली. बार रूममध्ये दोन-चार टोमणे ऐकावे लागले म्हणे.

याचिका काय मागत होती

पहिला मसुदा मुंबईच्या वकिलांनी केला. त्यात विनंती होती: दरखास्त तीन महिन्यांत निकाली काढण्याचा आदेश व्हावा. नाशिकच्या वकिलांनी त्यावर तांबड्या शाईने रेघ मारली.

कारण २९ फेब्रुवारी २०२४. त्या दिवशी हायकोर्ट बार असोसिएशन, अलाहाबाद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की घटनात्मक न्यायालयांनी इतर न्यायालयांतली प्रकरणं अमुक वेळेत निकाली काढा असं वेळापत्रक एरवी ठरवून देऊ नये, अपवादात्मक परिस्थितीतच द्यावं. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. प्रत्येक न्यायालयात प्रकरणांची रांग असते. ज्याला मुंबईला जाणं परवडतं त्याची फाइल वर आली, की ज्याला परवडत नाही त्याची खाली जाते. कोणती फाइल आधी घ्यायची हे त्या न्यायालयात बसणाऱ्या न्यायाधीशाला जास्त कळतं.

म्हणजे ‘आमचं लवकर करा’ एवढंच घेऊन गेलात, तर हे घटनापीठ आडवं येणार. दाखवायचं होतं ते असं की आम्ही रांग मोडायला सांगत नाही, कायद्याने आधीच घालून दिलेली मुदत उलटली आहे तिची आठवण द्या. मसुदा चालू असताना मार्च २०२५ मध्ये पेरियम्माल विरुद्ध राजामणी हा निकाल आला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या हायकोर्टांना जिल्हा न्यायालयांकडून प्रलंबित दरखास्तींची माहिती मागवायला आणि त्या सहा महिन्यांत निकाली काढण्याचं परिपत्रक काढायला सांगितलं. तो निकाल लगेच याचिकेत गेला.

शेवटच्या मसुद्यात विनंती आकसून एका अर्जावर आली होती. दरखास्त नव्हे, फक्त निशाणी २७. त्याचं कारणही नीट मांडलं: नियम १०१ प्रमाणे पुतण्याचा हक्क, मालकी, भागीदारी, जे काही असेल ते याच अर्जात ठरायचं आहे, वेगळ्या दाव्यात नाही. दोन्ही बाजूंची कागदपत्रं दाखल आहेत, युक्तिवाद एकदा पूर्ण झाले होते. आणि १९९८ च्या सिल्व्हरलाइन फोरमच्या निकालाप्रमाणे अशा प्रत्येक अर्जात सविस्तर पुरावा घेतलाच पाहिजे असं नाही, मान्य असलेल्या गोष्टींवरून किंवा अडथळा करणाऱ्याच्या स्वतःच्या म्हणण्यावरूनही निर्णय देता येतो.

याचिकेच्या पहिल्या मसुद्यात नाशिकच्या न्यायाधीशांना प्रतिवादी केलं होतं. तेही काढलं. सावित्रीदेवी विरुद्ध जिल्हा न्यायाधीश, गोरखपूर या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सवयीबद्दल नापसंती नोंदवली आहे. तरीही असे मसुदे अजून दिसतात. ज्यांच्यापुढे परत उभं राहायचं आहे त्यांना विनाकारण नोटीस कशाला काढायची, हा व्यवहारही त्यात आहेच.

ज्युनिअरचा तक्ता जोडपत्र म्हणून लावायचा का, यावर खल झाला. त्यात काकूंच्या बाजूच्या तारखाही होत्या. मुंबईच्या वकिलांना तेवढ्या ओळी गाळाव्यात असं वाटत होतं. नाशिकच्या वकिलांनी पूर्ण तक्ता लावला, आपल्या तारखांसकट. रोजनाम्याची नक्कल सोबत असताना त्या लपणार नव्हत्याच.

हायकोर्टातला दिवस

पुतण्याच्या वकिलांना याचिकेची प्रत आधीच दिली होती. असे आदेश कधीकधी समोरच्याला न ऐकताच होतात, कारण त्यात गुणदोषांवर काही ठरत नाही. पण मग समोरचा ‘आम्हाला ऐकलंच नाही’ म्हणून पुन्हा हायकोर्टात जातो आणि आणखी वेळ जातो. ते टाळायचं होतं. प्रेसिपी (तारीख मागणारी लेखी विनंती) देऊन उन्हाळी सुट्टीच्या आधीची तारीख मिळवली. मुलगा आणि नाशिकचे वकील पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेले. सुनावणी वीस मिनिटांत आटोपली.

पुतण्याच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे अलाहाबाद बारच्या प्रकरणातला घटनापीठाचा निकाल पुढे केला. न्यायमूर्तींनी तक्ता मागवला, दोन पानं वाचली आणि काकूंच्या वकिलांना विचारलं, “तुमच्याही तारखा आहेत की यात.” वकील म्हणाले, “आहेत, माय लॉर्ड. म्हणून तक्ता पूर्ण लावलाय.” त्यानंतर त्या मुद्द्यावर प्रश्न आला नाही. मी तिथे नव्हतो. पण दोन्ही बाजूंच्या वकिलांनी हा संवाद जवळपास सारखाच सांगितला.

आदेश छोटा होता. गुणदोषांवर मत नाही, सर्व मुद्दे खुले. दरखास्त चालवणाऱ्या न्यायालयाने निशाणी २७ वर, शक्यतो तीन महिन्यांत, कायद्याप्रमाणे निर्णय घ्यावा. दोन्ही बाजूंनी सहकार्य करावं आणि विनाकारण तारखा मागू नयेत. ‘शक्यतो’ या शब्दावरून मुलगा परतीच्या प्रवासात नाराज होता. त्याला वाटत होतं, हायकोर्टाने ठणकावून सांगायला हवं होतं. पण हायकोर्ट आणि तालुक्या-जिल्ह्यातलं न्यायालय यांच्यातली भाषा अशीच असते, आणि ती तशीच असावी असं मला वाटतं. ठणकावलेल्या आदेशाने घाईचा निकाल येतो, आणि घाईचा निकाल अपिलात टिकत नाही.

पुन्हा सीबीएसजवळच्या नाशिक कोर्टात

आदेशाची प्रत दुसऱ्याच दिवशी पुरसीससोबत (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) नाशिकला दाखल केली. सुट्टी संपल्यावर पहिल्या तारखेला पुतण्याने पुरावा नोंदवण्याचा आग्रह धरला. न्यायालयाने त्याचं प्रतिज्ञापत्र घेतलं आणि थोडक्या उलटतपासणीला परवानगी दिली.

काकूंच्या वकिलांनी उलटतपासणीत मोजके प्रश्न विचारले. भागीदारीचा करार लेखी आहे का? नाही. भाड्याची पावती कधी तुमच्या नावाने निघाली का? नाही. दावा चालू असल्याचं माहीत होतं का? होतं, काकांबरोबर तारखेला येत होतो. शेवटचं उत्तर मिळाल्यावर बाकी काही विचारायची गरज उरली नाही.

तीन महिन्यांत काम पुरं झालं नाही. मध्ये न्यायाधीश आठवडाभर रजेवर होते, आणि एकदा पुतण्याच्या वकिलांच्या घरी मयत झालं. न्यायाधीशांनी स्वतःहून हायकोर्टाकडे मुदतवाढीचं पत्र पाठवलं, ती मिळाली, आणि वाढीव मुदतीत अर्ज मंजूर झाला. पुतण्या मूळ भाडेकरूच्या नावावरच बसला आहे, त्याचा स्वतंत्र हक्क नाही, ताबा द्यावा.

इथे वकिलांच्या डोक्यात आणखी एक तारीख होती. नियम ९८ खालचा असा आदेश नियम १०३ प्रमाणे हुकूमनाम्यासारखा धरला जातो, म्हणजे त्यावर अपील होतं. पुतण्या अपिलात गेला आणि स्थगिती मागितली. अपील वर्षभर चालणार हे उघड होतं. हायकोर्टात जाऊन मिळवलेलं सगळं तिथे पुन्हा अडकणार होतं.

निर्णायक ठरलं ते काय

स्थगितीला नुसता विरोध करण्याऐवजी वकिलांनी अट मागितली. आत्माराम प्रॉपर्टीजच्या २००४ च्या निकालाप्रमाणे, ताब्याच्या हुकूमनाम्याला स्थगिती हवी असेल तर न्यायालय जागा वापरल्याबद्दल बाजारभावाने रक्कम भरायला लावू शकतं. आजूबाजूच्या गाळ्यांचे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार शोधून, त्यांचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातले करारांचे गोषवारे) काढून दाखल केले. जुनं भाडं शेकड्यात होतं, तर या करारांतलं भाडं पाच आकड्यांत.

अपील न्यायालयाने स्थगिती दिली, पण दर महिन्याला ठरावीक रक्कम भरण्याच्या अटीवर. रक्कम काकूंनी मागितली होती तेवढी नव्हती. जुन्या भाड्याच्या मात्र ती कितीतरी पट होती. पुतण्याने दोन हप्ते भरले. तिसऱ्याच्या आधी त्याचाच निरोप आला, या वेळी पैशांची मागणी न करता.

हायकोर्टाच्या आदेशाने तारीख हलवली, माणूस हलला तो दरमहाच्या हप्त्याने. परमादेशासारख्या आदेशाकडे पक्षकार शेवटचं हत्यार म्हणून पाहतात. या प्रकरणात त्याचं काम एवढंच होतं की अडकलेला एक निर्णय बाहेर पडावा आणि पुढच्या टप्प्यावर पैशाचा मुद्दा उपस्थित करता यावा. तो आदेश नसता तर अटीचा प्रश्नच आला नसता, हेही तितकंच खरं.

अपिलात तडजोड पुरसीस दाखल झाली. तीन महिन्यांत गाळा रिकामा करण्याचं हमीपत्र पुतण्याने न्यायालयाला दिलं. हे हमीपत्र न्यायालयाला दिलेलं असणं महत्त्वाचं, कारण ते मोडलं तर अवमान होतो. दोघांनी आपसात लिहिलेल्या कागदाला ती धार नसते. मुदतीच्या आठवडाभर आधी किल्ली मिळाली. भरलेले दोन हप्ते काकूंना मिळाले.

वेगळं काय करता आलं असतं

अपील फेटाळल्यावर लगेच दरखास्त लावली असती तर नियम २२ ची नोटीस लागली नसती आणि मूळ भाडेकरू हयात असताना वॉरंट निघालं असतं. बोलणी चालू ठेवायला कोणाची हरकत नव्हती. दरखास्त दाखल करूनही बोलता येतं, उलट मग बोलणी लवकर होतात.

मूळ दाव्याच्या वेळी गाळ्यात प्रत्यक्ष कोण बसतं याची चौकशी झाली नव्हती. पुतण्या तेव्हाही गल्ल्यावर बसत होता, हे गल्लीतल्या कोणीही सांगितलं असतं. त्याला तेव्हाच पक्षकार केलं असतं तर निशाणी २७ जन्मालाच आला नसता. नाशकातल्या जुन्या वाड्यांत कागदावरचा भाडेकरू आणि शटर उघडणारा माणूस वेगळे असणं इतकं सर्रास आहे की ही चौकशी दाव्याआधीच्या नोटिशीच्या वेळीच व्हायला हवी.

रोजनाम्याचा तक्ता दोन वर्षांनी बनवला गेला. तो पहिल्या तारखेपासून ठेवायला खर्च शून्य. आता ई-कोर्ट्सच्या अॅपवर प्रत्येक तारखेचं कामकाज दिसतं, पक्षकाराचा मुलगाही तो ठेवू शकतो.

हायकोर्टात आधी जायला हवं होतं का? मुलाचं अजूनही तेच मत आहे. मी सहमत नाही. खाली केलेल्या दोन अर्जांशिवाय ती याचिका पहिल्याच दिवशी परत आली असती, ‘आधी तिथे मागा’ म्हणून. पण एका गोष्टीत त्याचं बरोबर आहे: पहिल्या अर्जावर शेरा मिळाल्यानंतर दुसऱ्या अर्जाची गरज नव्हती.

पोलीस बंदोबस्ताची तयारी मात्र कोणीच केली नव्हती. तडजोड झाली नसती तर वॉरंटच्या वेळी बंदोबस्त मागावा लागला असता, त्याचं शुल्क भरावं लागलं असतं, आणि गणपती-नवरात्रात तो मिळत नाही हे नाझर ऑफिसातला (वॉरंटची बजावणी पाहणारं कोर्टाचं कार्यालय) कोणीही सांगेल.

आजची स्थिती

गाळ्यात मुलाचं दुकान सुरू आहे. तो मधल्या काळात दुसरीकडे भाड्याच्या जागेत धंदा करत होता आणि तिथलं बस्तान हलवायला नाखूश होता. वकिलांनी त्याला भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १७ वाचून दाखवलं: स्वतःच्या गरजेसाठी मिळवलेल्या जागेचा महिन्याभरात वापर सुरू केला नाही, किंवा वर्षाच्या आत ती दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू ताबा परत मागू शकतो. पुतण्या ते वाचत बसला असेल, असं वकिलांनी त्याला सांगितलं. पंधरा दिवसांत बरण्या हलल्या.

हुकूमनामा झाल्यापासून ताबा मिळेपर्यंतच्या वर्षांची नुकसानभरपाई ठरवण्याचा अर्ज अजून प्रलंबित आहे. तो मूळ भाडेकरूच्या वारसांविरुद्ध आहे. तडजोडीत काकूंनी तो सोडला नाही. त्यात वारसांचा से यायचा बाकी आहे, आणि त्यांच्या गेल्या तहकुबी अर्जावर ज्युनिअरने हरकत नोंदवली आहे.